ज्यूरीचा कौल आणि मुलीचे वय

प्रस्तुत लेखाचा विषय स्मरणिकेच्या नेहमीच्या शिरस्त्याहून थोडा निराळा आहे. समाजाचा पूर्वेतिहास, वसतिगृहाची हकीकत, दिवंगत पुढाऱ्यांची चरित्रे असे लेखन ह्या पानांवर शोभून दिसते. स्त्रीवरील अत्याचाराचा एक जुना फौजदारी खटला येथे कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात येईल. त्यास आमचे उत्तर एवढेच की, हा खटला कोणा वाटमाऱ्याचा नव्हता. तो लग्नाच्या नवऱ्याचा होता, घराच्या चार भिंतींतला होता, आणि त्यातील मुलगी ज्या वयाची होती त्याच वयात आपल्या पणज्या बोहल्यावर उभ्या राहिल्या होत्या. खटला चालला कलकत्त्यास; परंतु त्याचा खरा निकाल लागला तो पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत, सभांत आणि अखेरीस बड्या लाटांच्या कायदे कौन्सिलात. त्याचे पडसाद धुळे, जळगाव, चाळीसगावपर्यंत कसे पोहोचले आणि कसे पोहोचले नाहीत, हे आपल्या घरांनी जाणून घेण्यासारखे आहे.

सन १८९० च्या उन्हाळ्यात कलकत्त्यातील एका ओडिया कुटुंबात फुलमणी नावाची मुलगी मरण पावली. तिचे वय अकरा वर्षे आणि काही महिने होते. नवरा हरिमोहन मैती हा तिशी ओलांडलेला पुरुष. मुलगी माहेरी होती आणि जावई सासुरवाडीस आला होता. रात्री मुलीचा आक्रोश ऐकून आई धावली, तो मुलगी रक्ताच्या थारोळ्यात पडलेली. अति रक्तस्रावाने ती गेली. मृत्यूचे कारण अंतर्भागास झालेली इजा हेच होय, असा डॉक्टरी पुरावा झाला. आई, आजी आदी घरच्या बायकांनी कोर्टात उभे राहून साक्षी दिल्या, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हे. स्वतःच्या जावयाविरुद्ध, परक्या भाषेच्या न्यायासनासमोर, शब्दांत मांडण्यास लाज वाटावी असा प्रकार सांगावयाचा, त्यास किती धैर्य लागले असेल ह्याचा विचार वाचकांनी करावा.

खटला कलकत्ता हायकोर्टाच्या सेशनमध्ये न्यायमूर्ती विल्सन ह्यांच्यापुढे ज्यूरीसह चालला. आरोप कोणते ठेवले गेले, हे पाहण्यासारखे आहे. सदोष मनुष्यवध, हयगयीने घडवलेला मृत्यू, जबर दुखापत, आणि हयगयीच्या कृत्याने केलेली जबर दुखापत, असे चार आरोप होते. बलात्काराचा आरोप त्यांत नव्हता. तो ठेवताच येत नव्हता. सन १८६० च्या दंडसंहितेच्या ३७५ व्या कलमात वयाची मर्यादा दहा वर्षांची होती, आणि त्याच कलमाच्या अपवादात असे म्हटले होते की, पत्नी दहा वर्षांहून लहान नसेल तर पतीचे कृत्य बलात्कार ठरत नाही. फुलमणीने दहा वर्षे ओलांडली होती. एवढ्या एका वर्षाच्या फरकाने तिच्यावर जे घडले त्याचे खरे नाव कायद्याच्या पुस्तकातून नाहीसे झाले होते.

न्यायमूर्तींनी ज्यूरीस समजावून सांगितले की, बलात्काराचा कायदा येथे लागू नाही, आणि जे कायद्याने केलेले नाही ते न्यायाधीशाने किंवा ज्यूरीने आपल्या मनाने करावयाचे नाही. मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती आम्हांस फार मोलाची वाटते. पत्नीच्या जिवाची पर्वा न करता तिच्या देहावर हक्क गाजवण्याची निरंकुश सत्ता पतीस ह्या देशातील कोणत्याही कायद्याने कधीही दिलेली नाही, असा त्या सांगण्याचा आशय होता. बचावपक्षाचे म्हणणे असे की, पतिपत्नींचा संबंध पूर्वीही आला होता, तेव्हा ह्या खेपेस अनर्थ होईल हे त्यास कसे कळावे? बायकांच्या साक्षी ह्याच्या उलट होत्या. ज्यूरीने पहिल्या तीन आरोपांतून हरिमोहनास मुक्त केले आणि सर्वांत हलक्या चौथ्या आरोपाखाली दोषी ठरवले. ३३८ व्या कलमाखाली जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा देता येत होती. एक वर्षाची सक्तमजुरी दिली गेली.

येथे वाचक विचारील की, सरकारने ह्या मुक्ततेवर अपील का केले नाही? त्यासाठी त्या काळची फौजदारी कार्यपद्धती थोडी समजून घ्यावी लागेल. विषय रुक्ष आहे, पण चाळीसगावासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसास त्यात कळण्यासारखे बरेच आहे.

सन १८६१ च्या संहितेप्रमाणे आरोपी एकदा सुटला म्हणजे सुटला; सरकारास अपील नव्हते. सन १८७२ च्या संहितेने मुक्ततेविरुद्ध अपील करण्याचा अधिकार सरकारास दिला, आणि १८८२ च्या व पुढे १८९८ च्या संहितेत तो ४१७ व्या कलमात कायम राहिला. इंग्लंडच्या न्यायपद्धतीस ही गोष्ट तेव्हा परकी होती. तेथे ज्यूरीने निर्दोष म्हटले की प्रकरण संपे. हिंदुस्थानात मात्र राज्यकर्त्यांचा ज्यूरीवर पूर्ण विश्वास नव्हता. म्हणूनच येथे ज्यूरी दिली गेली ती दोन दोऱ्या बांधून. पहिली दोरी अपिलाची. ज्यूरीने ऐकलेल्या खटल्यात अपील फक्त कायद्याच्या मुद्द्यावर चाले. न्यायाधीशाने ज्यूरीस कायदा चुकीचा समजावला, अथवा ज्यूरीने तो चुकीचा समजून घेतला, एवढे दाखवता आले तरच हायकोर्ट ज्यूरीचा कौल मोडू शके. साक्षीदार खरा की खोटा, ह्यात हायकोर्टाने शिरावयाचे नसे. दुसरी दोरी ३०७ व्या कलमाची. सेशन जज्जास ज्यूरीचा कौल न्यायास धरून नाही असे वाटले, तर तो शिक्षा किंवा मुक्तता न देता कागद हायकोर्टाकडे पाठवी, आणि मग हायकोर्ट पुराव्यासकट सर्व प्रकरण पुन्हा पाही. हे दुसरे साधन फार प्रभावी होते. परंतु ते चाले जज्जाच्या मनावर, फिर्यादीच्या नव्हे.

ह्या दोन्ही दोऱ्या जिल्ह्याच्या सेशन कोर्टांना लागू होत्या. हायकोर्टाने स्वतः दिलेल्या मुक्ततेस ४१७ वे कलम लागू नव्हते. ते कलम हायकोर्टाव्यतिरिक्त अन्य कोर्टांपुरतेच होते. फुलमणीचा खटला प्रत्यक्ष हायकोर्टात चालला होता. अपिलाचा दरवाजा अशा रीतीने बंद होता. आणि समजा, उघडा असता, तरी काय झाले असते? न्यायमूर्तींनी कायदा बरोबरच सांगितला होता. दोष त्यांच्या सांगण्यात नव्हता, दोष कलमात होता. म्हणून ज्यांना हा कौल सहन झाला नाही त्यांनी अपील केले ते कायदे करणाऱ्यांकडे. आमच्या मते हिंदुस्थानातील मुक्ततेविरुद्धच्या अपिलांत हे सर्वांत मोठे अपील होय, जरी कोणत्याही कोर्टाच्या दप्तरात त्याचा नंबर सापडणार नाही.

त्या अपिलाची पूर्वतयारी आपल्याच इलाख्यात झालेली होती. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी ह्यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली होती. सरकारने त्यांवर देशभरातून मते मागवली. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी कळवले की, एकोणीस वर्षांखालील मुलाचे आणि अकरा वर्षांखालील मुलीचे लग्न होऊ देऊ नये. आजच्या दृष्टीने अकरा हे वय फारच अल्प वाटते. परंतु पाळण्यात बाशिंगे बांधण्याच्या त्या काळात तेवढेही मागणारा माणूस विरळा होता, हे ध्यानात ठेवावे.

त्याच १८८४ साली मुंबईत रखमाबाईंचा दावा उभा राहिला. हा दिवाणी दावा होता, फौजदारी नव्हे. तरी आपल्या विषयाशी त्याचे नाते सख्ख्या बहिणीचे आहे. सुतार समाजातील ही मुलगी, अकराव्या वर्षी लग्न झालेली, आईकडे व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्या घरी वाढलेली. नवरा दादाजी भिकाजी ह्याने ती नांदावयास यावी म्हणून फिर्याद केली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी दावा फेटाळला. अज्ञान वयात आपल्या संमतीवाचून लग्न झालेल्या व पतीकडे कधीही न राहिलेल्या स्त्रीस जबरीने त्याच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. अपिलात तो निर्णय टिकला नाही. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम दिला की, महिन्याच्या आत नांदावयास जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या सुटल्या. पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. दोन हजार रुपये, सहा महिने तुरुंग, एक वर्ष सक्तमजुरी: त्या दशकातील हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. नवऱ्याकडे न जाणाऱ्या स्त्रीस आणि अकरा वर्षांची बायको मारणाऱ्या पुरुषास त्या काळचा कायदा कोणत्या मापाने मोजत होता ते आपोआप कळेल.

फुलमणीच्या मृत्यूनंतर पन्नासांहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयांस अर्ज केला आणि अशा कोवळ्या बायकांच्या ज्या इजा व जे मृत्यू त्यांनी स्वतः हाताळले होते त्यांची यादी सोबत जोडली. सन १८९१ च्या जानेवारीत सर अँड्र्यू स्कोबल ह्यांनी कौन्सिलात विधेयक मांडले. दहाच्या जागी बारा, एवढाच त्याचा गाभा होता. पती असो वा परका, बारा वर्षांखालील मुलीशी संबंध हा बलात्कार समजावा.

एवढ्या लहानशा दुरुस्तीने महाराष्ट्रात जे वादळ उठले त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. लोकमान्य टिळकांची बाजू आज एका वाक्यात उडवून देण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस पसंत नाही. मुली लहानपणी सासरी पाठवाव्यात असे त्यांचे म्हणणे नव्हते. उलट, सुधारकांनी आपल्यापुरता निर्बंध मान्य करावा, मुलींची लग्ने सोळा वर्षांपूर्वी करू नयेत, आणि तो नियम सही करणाऱ्यांस बांधील असावा, अशी सूचना त्यांनी केली होती. परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये, समाजाने आपली सुधारणा आपण करावी, हा त्यांचा आग्रह. त्यात स्वाभिमान होता, हे खरे. परंतु अकरा वर्षांच्या मुलीस समाज जागा होईपर्यंत थांबण्याइतके आयुष्य नसते, ह्या आक्षेपास त्या बाजूने समाधानकारक उत्तर मिळालेले आम्हांस तरी आढळले नाही. आगरकरांनी ‘सुधारका’तून विधेयकाचा पुरस्कार केला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी धर्मग्रंथांचे आधार काढून दाखवले की, ऋतुप्राप्तीबरोबर लगेच गर्भाधान झालेच पाहिजे असा कडक विधी शास्त्रात नाही. त्यावर टिळकांशी त्यांचा वाद जुंपला. न्यायमूर्ती रानडे विधेयकाच्या बाजूस उभे राहिले. पुण्यात सुधारकांची सभा उधळली गेली. कौन्सिलात बंगालचे सर रमेशचंद्र मित्र विरुद्ध बोलले, तर पुण्याचे रावबहादूर कृष्णाजी लक्ष्मण नूलकर अनुकूल. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर होऊन त्या सालचा दहावा कायदा झाला.

विरोधकांची एक भीती कायद्याने मानली. पोलीस शिपाई घरात शिरेल आणि अब्रूचे धिंडवडे निघतील, असा गवगवा होता. म्हणून पतीविरुद्धच्या अशा फिर्यादीची दखल फक्त जिल्हा मॅजिस्ट्रेटने अथवा इलाख्याच्या शहरात मुख्य मॅजिस्ट्रेटने घ्यावी, आणि तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या दर्जाच्या अंमलदाराने करू नये, असे ठरले. अब्रू राखण्यासाठी घातलेल्या ह्या कुंपणाचा प्रत्यक्ष परिणाम काय होणार होता, तो आपल्या तालुक्यावरून पाहावा.

सन १८९१ मध्ये चाळीसगाव हा अखंड खानदेश जिल्ह्याचा तालुका होता. जिल्ह्याचे ठाणे धुळे. पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग १९०६ साली झाले. चाळीसगाव-धुळे हा आगगाडीचा फाटा १९०० साली सुरू झाला, म्हणजे त्यापूर्वी बैलगाडी किंवा पायवाट. जिच्या अंगावर जखम आहे अशा मुलीच्या आईने, गावचा पाटील, तालुक्याचा मामलेदार ह्यांना ओलांडून थेट धुळ्यास जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे जावयाचे. तेही स्वतःच्या जावयाविरुद्ध. नवरा तुरुंगात गेला तर मुलीचे पुढे काय, हा प्रश्न तिच्या मनात पहिला. भावकी काय म्हणेल, हा दुसरा. धाकट्या मुलींची लग्ने जमतील का, हा तिसरा. चौथा प्रश्न कायद्याचा, आणि तो येईपर्यंत बैल गाडीतून सोडलेले असत.

समजा ती गेलीच, तरी वय कशाने सिद्ध करावयाचे? जन्माचा दाखला कोणाकडे? सामान्य कुणब्याच्या, कारागिराच्या घरी पोर जन्मले ते मोठ्या पुराच्या साली, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, थोरल्या काकांच्या लग्नाच्या आदल्या आखाजीस, अशी नोंद आजीच्या डोक्यात असे. सुईण जिवंत असेल तर साक्ष, नाही तर डॉक्टराने दात पाहून केलेला अंदाज. बारा की साडेबारा, ह्यावर बलात्कार ठरावयाचा आणि उलटतपासणी करणाऱ्या वकिलास ‘आठवत नाही’ एवढे उत्तर पुरेसे. ज्या जिल्ह्यात सरकारने ज्यूरी लागू केलेली नसे तेथे सेशन जज्जाबरोबर असेसर बसत. त्यांचे मत जज्जावर बंधनकारक नव्हते. म्हणून तेथील मुक्ततेवर पुराव्याच्याही मुद्द्यावर अपील चाले, आणि तो अधिकार पूर्ण आहे असे प्रिव्ही कौन्सिलने १९३४ मध्ये निःसंदिग्ध सांगितले. परंतु फिर्यादच झाली नाही, तर अपील कशावर करावयाचे?

ज्यूरीविषयी मात्र आणखी चार शब्द लिहिणे भाग आहे. ज्यूरी म्हणजे लोकांचा न्याय, अशी तिची थोरवी गायली जाते. पण लोक म्हणजे कोण? त्या काळी ज्यूरीत बसत ते सगळे पुरुष, आणि मालमत्तेचे वा प्रतिष्ठेचे धनी. गोरा आरोपी असला तर १८८४ च्या कायद्याप्रमाणे त्यास निम्मी ज्यूरी युरोपियन वा अमेरिकन मागता येई. ह्याचा अर्थ काय होई, ते १८९९ मध्ये रंगूनला दिसले. एका ब्रह्मी स्त्रीवर गोऱ्या सोल्जरांनी अत्याचार केला, आणि ज्यूरीने आरोपीस सोडले. लॉर्ड कर्झन संतापले. त्यांनी ती पलटण शिक्षा म्हणून एडनला पाठवली. कौल मात्र बदलला नाही. जातभाई जातभाईस वाचवतो ही गोष्ट केवळ आपल्याच जातपंचायतीत घडते असे समजण्याचे कारण नाही.

स्त्रीच्या साक्षीवरही कायद्याने अविश्वासाचे ओझे ठेवले होते. सन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १५५ व्या कलमाने आरोपीस मुभा दिली होती की, फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे दुर्वर्तनी आहे असे दाखवून तिच्या शब्दाची किंमत कमी करावी. हा तुकडा कायद्यातून निघाला तो २००२ च्या अखेरीस, एकशेतीस वर्षांनी. शिवाय, तिच्या एकटीच्या शब्दावर आरोपीस दोषी ठरवणे धोक्याचे आहे, दुजोरा शोधा, असा इशारा जज्ज ज्यूरीस देत. तो देण्यास विसरला तर शिक्षेविरुद्ध अपिलास जागा मिळे. मुक्ततेविरुद्ध अपील होई तेव्हा ज्यूरीने पुरावा कसा तोलला ह्यात हायकोर्ट शिरत नसे. तराजूचा काटा कोणीकडे झुकलेला होता, हे सांगण्यास वकील नको. स्वातंत्र्यानंतर, १९५१ च्या अखेरीस, सर्वोच्च न्यायालयाने आठ वर्षांच्या एका मुलीच्या खटल्यात हा गुंता थोडा सोडवला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, जे आपल्या नागपूरचे, ह्यांनी सांगितले की, दुजोरा हवाच असा कायदा नाही. ते सावधगिरीचे धोरण आहे, आणि ते मनात ठेवूनही न्यायाधीश एकटीच्या शब्दावर विश्वास ठेवू शकतो.

ज्यूरीचा कौल केव्हा मोडावा, ह्यावर प्रिव्ही कौन्सिलचा महत्त्वाचा निर्णय १९४६ मध्ये झाला. खटला खुनाचा होता, आणि निर्णय लिहिला तो मुंबईचे माजी मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट ह्यांनी. विचारी माणसांस तसा कौल देणे शक्य होते काय, एवढेच हायकोर्टाने पाहावे. शक्य असेल तर हात लावू नये. त्यानंतर तेरा वर्षांनी मुंबईत नानावटी खटला झाला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष म्हटले, जज्जाने त्याच ३०७ व्या कलमाखाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले, आणि हायकोर्टाने खुनाबद्दल जन्मठेप दिली. १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हळूहळू ज्यूरी मावळली, आणि १९७३ च्या नव्या संहितेत तिला जागाच राहिली नाही.

पुन्हा वयाकडे वळू. बारावर थांबलेला कायदा १९२५ मध्ये पत्नीसाठी तेरा आणि इतरांसाठी चौदा झाला. तो लोकांना ठाऊक तरी आहे काय, हे तपासण्यासाठी १९२८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी होते. समितीने देशभर हिंडून साक्षी घेतल्या आणि १९२९ मध्ये अहवाल दिला. निष्कर्ष विषण्ण करणारा होता: कायदा कागदावर आहे, घरांत नाही; संबंधाचे वय वाढवून भागणार नाही, लग्नाचेच वय बांधले पाहिजे. त्याच साली हरबिलास सारडा ह्यांचे विधेयक मंजूर होऊन १ एप्रिल १९३० पासून मुलीस चौदा व मुलास अठरा ही मर्यादा आली. ती लागू होण्यापूर्वी देशभर लग्नांची झुंबड उडाली, हे सर्वश्रुत आहे. आपल्या तालुक्यास तर आणखी एक सोय होती. दक्षिणेकडचा घाट चढून गेले की निजामाची हद्द लागे, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तेथे चालत नसे.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी १८८० साली जन्मल्या आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावास आल्या. म्हणजे संमतिवयाचा कायदा होऊन नुकती दोन-तीन वर्षे झाली होती. त्यांनी सासर-माहेराविषयी जे शब्द मागे ठेवले ते खानदेशाच्या घराघरांत आहेत. त्यांच्या वयाच्या ज्या हजारो मुली आखाजीस मुराळ्याची वाट पाहत झोक्यावर बसल्या आणि ज्यांच्यावर काय गुदरले ते कोणी विचारले नाही, त्यांची एकही ओळ आपल्यापाशी नाही. आपल्या कुलवृत्तान्तांत त्या ‘अमक्याची प्रथम पत्नी, निवर्तली’ एवढ्याच राहिल्या आहेत. बाळंतपणात गेली, तापाने गेली, बाहेरचे लागले, अशी कारणे घरोघर सांगितली जातात. त्यांपैकी कितींच्या बाबतीत फुलमणीची आई साक्षीस उभी राहिली असती, हे कोणी मोजलेले नाही.

स्वतंत्र भारतात १९४९ मध्ये पत्नीसाठी पंधरा हे वय आले आणि ते तसेच राहिले, अडुसष्ट वर्षे. मधल्या काळात लग्नाचे वय १९७८ मध्ये मुलीस अठरा झाले. तरी अपवादातले पंधरा हलले नाही. म्हणजे लग्न बेकायदेशीर, पण त्या लग्नातील बळजोरी गुन्हा नव्हे, असा विचित्र प्रकार. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला झाला. सेशन कोर्टाने आरोपींस सोडले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. ज्यूरी नव्हती, तरी कौल तोच. त्यावर चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतील अशा प्रकरणी स्त्री संमती नव्हती म्हणाली, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे.

पत्नीच्या वयाचा अपवाद शेवटी ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अठरापर्यंत आणला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात तो अठरा म्हणूनच लिहिलेला आहे. दहावरून अठरावर येण्यास कायद्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. अठरावरच्या पत्नीस मात्र १८६० मध्ये जे नाकारले होते ते आजच्या कलमातही नाकारलेलेच आहे.

हे सर्व जुन्या काळचे, आता असे काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एकच आकडा देतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा पूर्ण होण्यापूर्वी झालेली आढळली. आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचीत जन्मतारखेचा रकाना आहे. तो कोरा ठेवून आलेले अर्ज परत पाठवावेत, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे. आणि समाजातील वडीलधारी मंडळी, जी अशी प्रकरणे ‘घरातल्या घरात’ मिटवण्यासाठी बोलावली जातात, त्यांच्या माहितीसाठी: सन २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारप्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील विवाहित मुलगीही बालकच आहे. तिच्यावरील गुन्ह्याची माहिती ज्यास असेल त्याने ती पोलिसांस कळवणे १९ व्या कलमाने बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पंच म्हणून बसलेल्यास त्यातून सूट नाही.